पाकिटावरील तारीख आणि ग्राहकाचे हित

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर छापलेली इवलीशी तारीख हा अलीकडे सरकारी चिंतेचा विषय झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत उलटलेल्या मालावरील जुनी तारीख पुसून नवी छापण्याच्या धंद्याची स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने घरपोच माल पुरविणाऱ्या ऑनलाइन व्यापाऱ्यांना बजावले की, ग्राहकाच्या हाती पडतेवेळी पदार्थाच्या आयुर्मर्यादेचा किमान ३० टक्के भाग अथवा मुदत संपण्यास ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. पुढच्याच महिन्यात परवानाधारक उत्पादक आणि आयातदार यांनी मुदतबाह्य व नाकारलेल्या मालाचा तपशील दर तिमाहीस प्राधिकरणाकडे नोंदवावा, असा आदेश निघाला. जून २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतील एका 'काही मिनिटांत घरपोच' कंपनीच्या गोदामाचा परवाना स्थगित केला. तेथील काही पदार्थांना बुरशी आली होती आणि मुदत उलटलेला माल चांगल्या मालापासून नीट वेगळा ठेवलेला नव्हता, असे प्रशासनाचे म्हणणे होते.

या साऱ्या हालचाली स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु त्या सर्वांमागे एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, पाकिटावरची तारीख म्हणजे अन्न आणि विष यांमधली सीमारेषा होय. तिच्या अलीकडे सारे खाण्याजोगे आणि पलीकडे सारे फेकण्याजोगे. वर्तमानपत्रांतही 'मुदतबाह्य मालाचा साठा जप्त' एवढेच छापून येते. त्या साठ्यात लहान मुलांची दुधाची भुकटी होती की चहापत्ती, हे वाचकाला क्वचितच कळते. वास्तविक या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक आपल्या कायद्याला एकेकाळी ठाऊकही होता.

तारखा मुळात दोन प्रकारच्या आहेत. पहिली 'बेस्ट बिफोर', म्हणजे अमुक दिवसापर्यंत पदार्थाचा स्वाद, कुरकुरीतपणा, रंग, सुगंध हे उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राहतील याची हमी. त्या दिवसानंतर बिस्किट थोडे सादळेल, चहाचा वास उणावेल, इतकेच. ही झाली गुणवत्तेची तारीख. दुसरी 'यूज बाय' अथवा 'एक्सपायरी', म्हणजे ज्या दिवसानंतर पदार्थ खाणे धोक्याचे ठरू शकते तो दिवस. पाश्चरीकृत दूध, पनीर, शीतपेटीतले मांस, तान्ह्या बाळांचे अन्न यांच्याबाबत ती खरोखर महत्त्वाची आहे. ही झाली सुरक्षिततेची तारीख. २०११ च्या वेष्टन व लेबलविषयक विनियमांत या दोन्हींच्या व्याख्या स्वतंत्रपणे दिलेल्या होत्या आणि 'बेस्ट बिफोर'च्या व्याख्येत तर स्पष्टच म्हटले होते की, ही तारीख उलटल्यानंतरही अन्न खाण्यास पूर्णतः सुरक्षित असू शकते. भारतीय ग्राहकाला हे वाक्य कोणी वाचून दाखविले नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर २०२० च्या अखेरीस लेबल व प्रदर्शनविषयक नवी विनियमावली अधिसूचित झाली आणि मुदतवाढी घेत घेत २०२२ मध्ये अमलात आली. तिने 'एक्सपायरी' अथवा 'यूज बाय' तारीख अनिवार्य केली आणि 'बेस्ट बिफोर' हा शब्दप्रयोग ऐच्छिक, हवा तर जोडीला छापण्याचा, असा ठरविला. काही मोजके अपवाद सोडले तर आज पाकीटबंद अन्नाचे जवळजवळ प्रत्येक वेष्टन एका मृत्युदिनासह बाजारात येते. मध, जो नीट झाकून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, त्यालाही तारीख; बाटलीबंद पाण्यालाही तारीख. पाणी काही नासत नाही. प्रश्न असतो तो बाटलीच्या प्लॅस्टिकचा आणि फार तर चवीचा. एका शब्दाने चालणारे काम दोन शब्दांनी कशाला करा, असा प्रशासकीय सोयीचा विचार या बदलामागे असावा. पण सोय कोणाची आणि गैरसोय कोणाची, हे पाहिले पाहिजे.

याच प्रश्नावर युरोपने कोणती वाट धरली, ते पाहणे उद्‌बोधक आहे. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या प्रसिद्ध दुकानसाखळीने १९५० च्या दशकात आपल्या कोठारांत मालावर तारखेच्या खुणा करण्यास प्रारंभ केला. माल कोणत्या क्रमाने बाहेर काढावा, हे नोकरांना कळावे एवढाच त्यामागे हेतू होता. सत्तरच्या दशकात ती खूण ग्राहकाला वाचता येईल अशा रूपात दुकानाच्या फळीवर आली. म्हणजे आज ज्या तारखेला आपण आरोग्यरक्षक समजतो, तिचा जन्म गोदामातल्या हिशेबासाठी झाला! युरोपीय समुदायाने डिसेंबर १९७८ च्या निर्देशाद्वारे 'किमान टिकाऊपणाची तारीख' सर्वत्र आवश्यक केली. दहा वर्षांच्या अनुभवानंतर असे ध्यानात आले की, सर्व पदार्थांना एकच काटा लावून चालत नाही. म्हणून १९८९ च्या निर्देशाने जीवाणूंच्या दृष्टीने लवकर बिघडणाऱ्या पदार्थांसाठी 'यूज बाय' ही निराळी तारीख सक्तीची केली. २०११ च्या युरोपीय नियमनात हा भेद अधिक काटेकोर झाला. 'यूज बाय' उलटलेले अन्न असुरक्षित मानावे, असे त्यात म्हटले आहे आणि मीठ, साखर, व्हिनेगर, ताजी फळे व भाज्या यांना तर तारखेतून सूटच दिली आहे. लेबलांसंबंधीचे कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मानकही २०१८ च्या दुरुस्तीनंतर याच दोन तारखांच्या भेदावर उभे आहे. थोडक्यात, ते लोक एकाकडून दोनाकडे गेले आणि आपण दोनाकडून एकाकडे आलो.

अमेरिकेचे उदाहरण याहून निराळे. तेथे बालकांच्या दूधभुकटीखेरीज कोणत्याही पदार्थावर तारीख छापण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. परिणामी राज्याराज्यांत आणि कंपनीकंपनीत निरनिराळ्या वाक्प्रयोगांचा सुळसुळाट झाला. तारखांमुळे अन्न अधिक सुरक्षित होते याला फारसा पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकन संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कचेरीने १९७९ मध्येच दिला होता. तो अहवाल धूळ खात पडला. अखेर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून गुणवत्तेसाठी एक आणि सुरक्षिततेसाठी दुसरे, असे दोनच वाक्प्रयोग ठरवून दिले. दुकानदारापुरती असलेली 'अमुक तारखेपर्यंत विका' ही सूचना ग्राहकाच्या नजरेआड करण्यासही सांगितले.

आता ही तारीख ठरवितो कोण, या प्रश्नाकडे वळू. सर्वसामान्य समजूत अशी की, कोणी सरकारी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पदार्थ तपासून ती नेमून देतो. तसे नाही. आयुर्मर्यादा ठरविण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. तो आपल्या पदार्थावर चाचण्या करतो, कधी पदार्थ अधिक उष्णतेत ठेवून थोड्या काळात पुष्कळ काळाचा अंदाज बांधतो आणि त्यातून सुरक्षित अंतर राखून तारीख काढतो. येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी सावध होतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की, विक्रेत्याला जे माहीत आहे ते खरेदीदाराला माहीत नसेल तर बाजाराची मोडतोड होते. तारीख हा ही विषमता भरून काढण्याचा एक उपाय आहे, हे खरे. पण उपायाची गुरुकिल्लीही ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याच हाती आहे. तारीख अलीकडे ओढली तर कंपनीच्या नावाला धक्का लागत नाही, आणि ग्राहकाने अर्धा डबा फेकून नवा आणला तर विक्रीही वाढते. उलट ती फार अलीकडे ओढली तर न खपलेला माल दुकानांतून परत येण्याचे प्रमाण वाढते. या दोन ओढींमधून जी तारीख निघते ती कंपनीच्या हिशेबाची तारीख असते. तिला विज्ञानाचा आधार असतो, परंतु ती विज्ञानाने दिलेली तारीख नसते. उत्पादक लबाड असतात असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्या जागी कोणीही असेच वागेल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पदार्थाचे वय दिवसांत मोजावे, असे तारीख सांगते. पण पदार्थ म्हातारा होतो तो उष्णतेने, दमटपणाने आणि उजेडाने. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की रासायनिक बिघाडाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा अन्नतंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेली तेलकट शेवेची दोन पाकिटे घ्या. एक महाबळेश्वरच्या दुकानात राहिले, दुसरे चंद्रपूरला मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, पत्र्याच्या छपराखाली. दोहोंवर तारीख एकच. तिसरे पाकीट आषाढात सावंतवाडीच्या दमट हवेत. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' अशी सूचना तिन्हींवर असते. चंद्रपूरच्या दुकानदाराने ती थंड जागा कोठून आणावी, हे मात्र छापलेले नसते. दुधाबाबत तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पिशवीवर उद्याची तारीख असली तरी ती वाहतुकीत चार तास उन्हात राहिली असेल, तर तारखेला काडीचाही अर्थ उरत नाही. ग्राहक तारीख वाचून निश्चिंत होतो आणि खरा धोका त्याच्या नजरेआड राहतो.

याला तांत्रिक उत्तर नाही असे नव्हे. पोलिओच्या लशीच्या कुपीवर वर्तुळात एक लहानसा चौकोन असतो. लस जितकी उष्णता सोसते तितका तो गडद होत जातो, आणि तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद करतात. १९९६ पासून ही खूण वापरात आहे आणि गावोगावच्या आरोग्यसेविका ती बिनचूक वाचतात. लशीला जे जमले ते पनीरला आणि मांसाला का जमू नये, याचा विचार आपल्याकडे व्हावयास हवा. खर्च वाढेल हे उघड आहे. पण तो प्रत्येक पाकिटावर नव्हे, शीतसाखळीतल्या मोजक्या पदार्थांवरच करावा लागेल.

या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २७ नुसार मुदत उलटलेला पदार्थ विकण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. ते योग्यच आहे. पण 'बेस्ट बिफोर'ची जागा 'एक्सपायरी'ने घेतल्याबरोबर केवळ सादळलेल्या बिस्किटाचा पुडाही कायद्याच्या दृष्टीने नासलेल्या पनीरच्या पंक्तीला जाऊन बसला. मोठ्या दुकानसाखळ्यांचे कंपन्यांशी करार असतात, उरलेला माल परत जातो. लहान किराणा दुकानदाराची गोष्ट निराळी. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी गावात किराणा दुकान आहे. एक्सपायरीचा माल परत घेणे वा न घेणे हे बहुधा वितरकाच्या माणसाच्या मर्जीवर असते, असे ती मुले सांगतात. कधी माल बदलून मिळतो, कधी पुढच्या खरेदीत वळता होतो, कधी 'पुढच्या खेपेला बघू' या आश्वासनावर फळीवरच राहतो. मग त्या दुकानदारापुढे दोन मार्ग उरतात: तोटा सोसावा, नाही तर डोळेझाक करून विकावे.

येथे नोव्हेंबर २०२४ च्या सूचनेचाही विचार केला पाहिजे. जपानमध्ये किराणा व्यापारात 'एक-तृतीयांश' नावाची एक जुनी रूढी आहे. पदार्थाचे आयुष्य सहा महिन्यांचे असेल तर पहिल्या दोन महिन्यांत तो दुकानात पोहोचला पाहिजे, पुढच्या दोन महिन्यांत खपला पाहिजे आणि उरलेले दोन महिने ग्राहकाचे. ऐकावयास छान, पण पहिल्या टप्प्यास थोडा उशीर झालेला चांगला मालदेखील दुकाने नाकारू लागली आणि तो वाया जाऊ लागला. म्हणून जपानी सरकारला ही रूढी सैल करण्यासाठी उद्योगांच्या मागे लागावे लागले आणि २०१९ मध्ये अन्ननासाडी कमी करण्याचा कायदाही करावा लागला. आपल्याकडे शहरी ग्राहकाला घरपोच मिळणाऱ्या मालात ३० टक्के आयुष्य शिल्लक असावे, हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु २५ टक्के आयुष्य उरलेला माल हवेत विरून जाणार नाही. तो कोठे तरी जाणारच. ज्या वाटेवर हा नियम लागू नाही त्या वाटेने, म्हणजे तालुक्याच्या घाऊक बाजारातून आठवडी बाजाराकडे आणि वाडीवरच्या टपरीकडे, तो वाहू लागेल, असे अनुमान काढण्यास फार मोठ्या अर्थशास्त्राची गरज नाही. ग्रामीण कुटुंबांना याची झळ लागणार नाही असे कोणी समजू नये. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत पेये, खाद्यपेये व प्रक्रिया केलेले अन्न यांवर ग्रामीण भागातील दरडोई खर्चाचा ९.६२ टक्के हिस्सा जात असल्याचे दिसले; तृणधान्यांवर जात होते ४.९१ टक्के. त्या खर्चात बाहेरचे तयार जेवणही मोजलेले आहे हे खरे. तरीही पाकीटबंद अन्न ही आता केवळ शहरी मध्यमवर्गाची चैन राहिलेली नाही.

तारखा पुसून पुन्हा छापण्याचा जो धंदा दिल्लीच्या न्यायालयापुढे आला, त्याचे मूळही याच एकेरी व्यवस्थेत आहे. ज्या क्षणी तारीख उलटते त्या क्षणी मालाची कायदेशीर किंमत शून्य होते. पण बिस्किटाचा, शेवयांचा वा सॉसचा उपयोग त्या क्षणी शून्य होत नसतो. किंमत आणि उपयोग यांच्यामधील ही दरी म्हणजे काळ्या बाजाराला आमंत्रणच. भंगाराच्या भावाने माल घ्यावा, शाई पुसावी, नवी तारीख मारावी आणि पूर्ण किमतीला विकावा. या मार्गाने निरुपद्रवी मालाबरोबर बाळाचे अन्नही येते, आणि ग्राहकाला दोहोंतला भेद करता येत नाही. ब्रिटनमध्ये 'बेस्ट बिफोर' उलटलेला सुस्थितीतला माल विकणे बेकायदा नाही. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे फेब्रुवारी २०१६ मध्ये अशाच मालाचे 'वीफूड' नावाचे दुकान उघडले. तेथे तारीख न लपविता, किंमत उतरवून, सारे उघड विकले जाते. ज्या मालाला उजेडात अर्धी किंमत मिळते तो अंधारात कशाला जाईल? २०१८ मध्ये टेस्कोने आणि २०२२ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने अनेक फळे-भाज्यांवरील 'बेस्ट बिफोर' काढूनच टाकले. जिने ही प्रथा रुजविली त्याच दुकानसाखळीने तिला आवर घातला, हा योग मोठा मजेदार आहे.

नासाडीचा मुद्दा मात्र जपून मांडला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात घरे, दुकाने आणि उपाहारगृहे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांमधून. भारतीय घरांतील नासाडीचा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलोंचा आहे. परंतु आपल्या घरातून जे फेकले जाते ते मुख्यतः शिजविलेले अन्न आणि सडलेला भाजीपाला. युरोपीय आयोगाच्या २०१८ मधील एका अभ्यासाने तेथील नासाडीपैकी कमाल १० टक्के भागाचा संबंध तारखांशी जोडला होता. तो आकडा उचलून भारताला चिकटविणे चूक होईल. आपल्याकडे तारखेमुळे होणारी नासाडी घरात कमी आणि गोदामात, वितरकाकडे व दुकानात अधिक असावी.

आणि ती टाळण्याचा सरळ मार्ग करव्यवस्थेने अडविलेला आहे. केंद्रीय वस्तू व सेवाकर अधिनियमाच्या कलम १७(५)(ह) नुसार जो माल नष्ट केला, निर्लेखित केला किंवा फुकट दिला, त्याच्या कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. समजा, एखाद्या कारखान्याकडे मुदत संपण्यास महिना उरलेले दहा हजार पुडे आहेत. ते आश्रमशाळेला दिले तरी वजावट गेली आणि खड्ड्यात पुरले तरी गेली. वर आश्रमशाळेपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च निराळा. व्यवस्थापकाने कोणता मार्ग पत्करावा? शिल्लक अन्न गोळा करून वाटण्यासंबंधी प्राधिकरणाने २०१९ मध्ये विनियम केले आहेत, पण एका हाताने वाट दाखवावयाची आणि दुसऱ्या हाताने त्या वाटेवर जकात नाका उभारावयाचा, असा हा प्रकार आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगे शिल्लक अन्न नष्ट करण्यास मनाई केली. आपल्याला इतकी सक्ती नको असेल तर निदान दान करणाऱ्यास दंड तरी होऊ नये.

यावर अधिकारी मंडळींचे एक उत्तर ठरलेले असते: भारतीय ग्राहक अर्धशिक्षित आहे, दोन तारखांनी त्याचा गोंधळ होईल, एकच कडक तारीख बरी. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्या समाजाच्या बोलीत आंबणे, विटणे, नासणे, खवटणे, कुबटणे, सादळणे, बुरसणे अशी बिघाडाची इतकी निरनिराळी क्रियापदे आहेत, त्याला दोन तारखांचा भेद कळणार नाही हे पटण्यासारखे नाही. सादळलेला पापड भाजून खाता येतो, खवट शेंगदाणा टाकावा लागतो आणि विटलेल्या वरणाला हातही लावू नये, हे आपल्या गृहिणींना कोणत्याही विनियमावाचून माहीत असते. अर्थात नाक आणि जीभ यांवर सर्वस्वी विसंबणेही घातक आहे. रोगकारक जीवाणू पुष्कळदा वास, रंग, चव यांत कोणताही बदल न करता वाढतात. घरचे लोणचे दोन वर्षे टिकते म्हणून हवाबंद पाकिटातले मांसही टिकेल, हा तर्क जिवावर बेतू शकतो. म्हणूनच धोक्याची तारीख वेगळी, ठळक आणि थोड्या पदार्थांवरच असावी. जी घंटा प्रत्येक पुड्यावर वाजते तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. लेबलावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते; मराठी ही उत्पादकाची मर्जी. त्यामुळे 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' या दोहोंसाठी आपण सरसकट 'मुदतबाह्य' हा एकच शब्द वापरू लागलो आहोत. 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' आणि 'अमुक तारखेनंतर खाऊ नये' ही दोन साधी वाक्ये राज्यात विकल्या जाणाऱ्या वेष्टनांवर का असू नयेत? सुट्या मिठाईच्या ताटांसमोर 'बेस्ट बिफोर' तारखेची पाटी लावण्याची सक्ती ऑक्टोबर २०२० पासून झाली. ती पाटी तरी मराठीत असावी, आणि खव्याच्या बर्फीची तारीख व मोतीचुराची तारीख यांचे महत्त्व सारखे नाही, हे तीवरून कळावे.

प्राधिकरणाने मागविलेली तिमाही माहिती हे या संदर्भात एक चांगले साधन ठरू शकेल. ती केवळ दप्तरी न ठेवता पदार्थवार जाहीर करावी: मुदत उलटलेल्या मालात बाळांचे अन्न किती, दुग्धपदार्थ किती, बिस्किटे-चहा-मसाले किती, त्यातले किती नष्ट झाले, किती पशुखाद्याला गेले, किती लिलावात विकले गेले आणि कोणाला. एवढे आकडे हाती आले तर 'एक्सपायरी'च्या शिक्क्याखाली जाणाऱ्या मालापैकी खरोखर धोक्याचा किती आणि केवळ शिळा किती, हे वेगळे काढता येईल आणि २०२० ची विनियमावली दुरुस्त करताना कोणत्या पदार्थांना गुणवत्तेच्या तारखेकडे परत न्यावयाचे, याची यादी तयार करता येईल.